मुंबई ते हैदराबाद, वाटेत सोलापूर

मुंबईचा विमानतळ आणि हैदराबादचा विमानतळ यांच्यामधले अंतर पावणेचारशे मैलांच्या थोडे वर आहे. टपालाचे विमान ते सुमारे चार तासांत कापते. वारा पाठीशी असला तर लवकर, समोरून असला तर उशिरा. आगगाडीला याच प्रवासासाठी एक दिवस आणि एक रात्र लागते, शिवाय वाडीला डबा बदलावा लागतो. पूर्वी हे विमान बळ्ळारीवरून मद्रासला जात असे. ते हैदराबादवरून जाऊ लागले तेव्हापासून सकाळी आमच्या गावावरून त्याचा आवाज येऊ लागला.

मी वर्गात हे वेगाचे उदाहरण म्हणून घातले होते. मुलींनी उत्तर बरोबर काढले. एकीने विचारले, "बाई, मधेच उतरायचं असलं तर?" मध्ये विमान थांबत नाही, असे मी तिला सांगितले.

माझे यजमान त्या विमानांची इंजिने दुरुस्त करण्याच्या कामावर मुंबईला होते. लग्नाला पाच वर्षे झाली होती. पुण्याला बी.एस्सी. होऊन मी सोलापूरच्या मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होते. मुंबईत जागा मिळाली की मी तिकडे जायचे, असे ठरले होते. जागा मिळत नव्हती. आम्ही दिवाळीत भेटत असू आणि मे महिन्यात, तेही सासरी, दहा माणसांच्या घरात. आता त्यांची हैदराबादला कायमची बदली झाली होती, आणि तिथे जागेची अडचण नाही असे मी ऐकले होते.

आमच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतले. "वच्छलाबाई, जूनपासून तुम्ही आहात की नाही, एवढं मला या आठवड्यात कळलं पाहिजे. नसाल तर पुण्याहून कोणीतरी आणावी लागेल, आणि विज्ञानाची बाई काय झाडाला लागते?"

मी त्यांना दोन दिवसांची मुदत मागितली. हाच प्रश्न मी यजमानांना पत्रातून विचारला होता, एकदा नाही, तीनदा. उत्तरे वेळेवर आली. त्यांत हवापाणी होते, खाणावळीची तक्रार होती, नव्या इंजिनाचे कौतुक होते. माझ्या प्रश्नाला मात्र होय नव्हते आणि नाहीही नव्हते. मग त्यांचे एक कार्ड आले: 'गुरुवारी विमानात टपालाच्या पिशव्यांबरोबर मलाही नेणार आहेत, साडेनऊच्या सुमारास तुझ्या डोक्यावरून जाईन.'

मी हे मायाक्काला सांगितले. बाळीवेशीतल्या तिच्या घरात मी एक खोली घेऊन राहत होते. ती कानडी, विधवा, आणि बोलण्यात कोणाची भीडभाड न ठेवणारी.

"डोक्यावरनं जाणार? दारावरनं जाऊन आत न येणारा अळिया मी पहिल्यांदा बघते." जावयाला ती अळियाच म्हणे. "त्याला म्हणावं, वरनं एक दोरी सोड. मी डबा बांधते."

"तो आवाज ऐकला की पुरे," मी म्हणाले.

"आवाजानं संसार होतो व्हय गं?"

गुरुवारी मी मुलींना घेऊन शाळेच्या गच्चीवर उभी राहिले. एप्रिल महिना, सकाळची शाळा. वायव्येकडून विमान दिसले तेव्हा मुलींनी रुमाल हलवले. मला मात्र आवाज नेहमीसारखा वाटला नाही. तो मध्ये मध्ये तुटत होता. विमान फार खाली होते. ते गावावरून पुढे गेले, वळले, पुन्हा वळले आणि होटगी रस्त्याच्या बाजूला घरांच्या आड उतरले. तिकडून धूर वर येत होता.

मला भीती वाटली. मग मी धुराकडे नीट पाहिले. तो पांढरा होता, पातळ होता आणि एकाच जागेवरून येत होता. तेल पेटल्याचा धूर काळा असतो. भीती ओसरल्यावर जे वाटले ते वेगळे होते, आणि टांग्यात बसेपर्यंत मी ते स्वतःला कळू दिले नाही.

होटगी रस्त्याला लागून एक लांबट माळ होता. विमानाला अडचण आली तर उतरायला जागा हवी म्हणून सरकारने तो राखला होता. त्याची राखण येडू नावाच्या धनगराकडे होती. माळावरचे गवत वाढू नये म्हणून त्याची मेंढरे तिथे चरत. मधोमध चुन्याचे एक मोठे वर्तुळ होते, ते पुसट झाले की येडू पुन्हा मारी. आणि विमानाची घरघर ऐकू आली की ओला पाला घालून शेकोटी धुमसवी, म्हणजे वाऱ्याची दिशा वरून कळावी. मी पाहिलेला धूर तोच होता.

मी पोचले तेव्हा येडू हात कमरेवर ठेवून उभा होता, घरी लग्न असावे तसा.

"दोन वरसं धूर करतोय बाई. रोज वरनं जायाचं, बघायचं बी न्हाई. आज उतारलं!"

"उतारलं, ते माझ्या मेंढरांत," त्याची बायको फुलाबाई म्हणाली. "कोकरं अजून थरथरत्याती."

"एक तरी दगावलं का? उगा बोंब."

फुलाबाईच्या हातात पाण्याची घागर होती. लांबून आलेल्याच्या पायावर पाणी घालतात, तसे तिने विमानाच्या चाकांवर घालायला घेतले होते. "दमून आलंय ते," ती म्हणाली. तरुण वैमानिक मोडक्या मराठीत "नको, नको" म्हणत तिच्या आडवा आला. उरलेले पाणी तो स्वतःच प्यायला.

यजमान इंजिनाखाली होते. मला आधी त्यांचे बूट दिसले. मी वाकून म्हणाले, "अहो."

ते बाहेर आले. हात कोपरापर्यंत तेलाने काळे झालेले. "तू कशी आलीस? शाळा?"

"तास सोडून आले. काय झालं?"

"तेलाची नळी तडकली. फार काही नाही. ती पेटी दे इकडे."

मी हत्यारांची पेटी त्यांच्या जवळ सरकवली आणि तिथेच बसले. ते पाना मागत, मी देई. पहिल्यांदा चुकीचा दिला. "तो नाही, लहान." मग चुकला नाही. त्यांनी तडकलेला भाग कापून काढला, जोड बसवला, मला नळीचे टोक धरून ठेवायला सांगितले. आमची बोटे एकाच नळीवर होती. तेल अजून गरम होते. कोणी आम्हाला तेव्हा पाहिले असते तर रोज एकत्र काम करणारी माणसे वाटलो असतो.

"मोठ्या बाईंनी विचारलंय," मी म्हणाले. "जूनचं."

"हं. घट्ट धर."

मी घट्ट धरले.

नळी झाली. त्यांनी इंजिन चालवून पाहिले, बंद केले आणि मान हलवली. पण वैमानिक खूश दिसेना. तो माळाच्या टोकापर्यंत चालत गेला होता. तिथे बांध होता आणि बांधावर बाभळी. परत आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

त्याची अडचण मला त्याने सांगायच्या आधी कळली. उन्हाने हवा तापते, तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंख कमी उचलतात, इंजिनाचा जोरही कमी पडतो. मुंबईला सकाळच्या गारव्यात जे ओझे घेऊन ते उठले होते, ते दुपारच्या या आखूड माळावरून उठणार नव्हते.

"शंभर पौंड उतरले पाहिजेत," तो इंग्रजीत म्हणाला. "नाहीतर मी त्या झाडांत जाईन."

"संध्याकाळपर्यंत थांबलात तर?" मी विचारले.

"मग पुढे अंधार होतो. आणि पिशव्या मद्रासच्या आहेत. पिशवी एकही राहता कामा नये." त्याने यजमानांकडे पाहिले. "मोकाशी, तुम्ही आगगाडीनं या ना. आहे ना गाडी?"

"आहे," मी म्हणाले. "संध्याकाळची. सकाळी हैदराबाद."

हे मी वेळापत्रक सांगावे तसे सांगितले. आत मात्र संध्याकाळपर्यंतचे तास एकेक करून उघडत होते. मायाक्का पाणी तापवील. ते जेवतील. ऊन उतरेपर्यंत खोलीत दुसरे कोणी नसेल. तेवढ्या वेळात कोणालाही होय किंवा नाही म्हणता येते. नाही म्हटले असते तरी मला चालले असते.

यजमानांनी विमानातल्या आपल्या पेटीकडे पाहिले. मग म्हणाले, "माझं सामान उतरवलं तर?"

"किती आहे?"

ते कोणालाच माहीत नव्हते. मुंबईला सगळे एकदम मोजले होते. त्यांची पेटी होती, वळकटी होती आणि ती हत्यारांची पेटी. रस्त्यापलीकडे सरकी काढायचा कारखाना होता, तिथला काटा आणायला येडू गेला. श्रीमंत नावाचा तिथला तोलणारा स्वतः बैलगाडीतून तराजू घेऊन आला आणि तीन बल्ल्या रोवून त्यांवर त्याने तो टांगला. कापसाचे बोजे तोलायचा तराजू, पारडी फळ्यांची, चांगली खाटेएवढी. वैमानिकाला दोन्ही वजने हवी होती, माणसाचे आणि सामानाचे. आधी यजमानांना बसवले.

एव्हाना माळावर बरीच माणसे जमली होती. पारड्यात बसलेला माणूस पाहून बायकांत कुजबुज सुरू झाली.

"अगं बया," फुलाबाई म्हणाली, "तुला हाय व्हय ही?"

आमच्या भागात नवस फेडायचा असला की तुला करतात, माणसाला देवापुढे गुळाने तोलतात आणि तो गूळ वाटतात.

"तुला न्हाई, बाई," श्रीमंत वजने रचत म्हणाला. "इमानाचं वजन करतोय."

"मग इमान कुणाचा देव न्हाई का? आकाशातनं आलंय, माणूस जिता ठेवलाय. गुळाबिगर तोलतोस व्हय रे? हात झडतील."

"माझे हात कापसानं झडल्यात आदीच."

ती माळाच्या कडेला असलेल्या आपल्या पालाकडे गेली आणि फडक्यात बांधलेला गुळाचा खडा घेऊन आली. तो तिने माझ्या हातात दिला. "घरधनणीनं ठेवायचा."

"हे काय चाललंय?" यजमान पारड्यातून म्हणाले. "वजन चुकेल."

"चुकू द्या की सायेब. गुळानं कुणाचं वाईट झालंय?" श्रीमंत म्हणाला. "मागनं काढतो मी."

मी गूळ दुसऱ्या पारड्यात ठेवला. बायकांनी हात जोडले. मीही जोडले, कारण सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या.

फुलाबाईने माझ्या कानाशी येऊन विचारले, "काय मागितलंस? लेकरू?"

"संध्याकाळची गाडी," मी म्हणाले.

"गाडी?" ती हसू लागली. "गाडी कोन मागतंय देवाकडं! टेसनावर जायाचं, मिळती की."

श्रीमंतने गूळ काढून खरे वजन घेतले, मग सामान तोलले. तो मणाशेरांत सांगत होता, वैमानिकाला पौंड हवे होते. मधला हिशेब माझ्याकडे आला. कागद नव्हता. मी काटकीने मातीत आकडे मांडले. यजमानांचे वजन शंभरावर बरेच होते, त्यांच्याबद्दल प्रश्नच नव्हता. सामानाचा मी दोनदा केला. एकशे दोन.

वैमानिक माझ्याकडे पाहत होता. मातीतले ते मराठी आकडे त्याला वाचता येत नव्हते. यजमानांना येत होते, पण ते उलट्या बाजूला उभे होते आणि उन्हाने डोळे बारीक करून विमानाकडे बघत होते.

"वच्छला, किती?"

"एकशे दोन. तुमच्याऐवजी सामान उतरवलं तरी चालेल."

"नक्की?" वैमानिकाने विचारले.

"नक्की. दोन पौंड जास्तच आहे."

वैमानिक हसला. "मग मोकाशी, तुमची मर्जी. बाई इथे आहेत. एक दिवस उशीर झाला तर मी सांगेन तिकडे."

"नळी पुन्हा सुटली तर?"

"ती आता माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

यजमानांनी माझ्याकडे पाहिले. पाच वर्षांत मी त्यांना इतक्या उजेडात क्वचित पाहिले होते. कपाळावर तेलाचा पट्टा होता. काहीतरी तोलत होते ते, आणि मी मध्ये बोलले नाही. तोलताना मध्ये हात लावू नये.

"नाही," ते म्हणाले. "आज हजर झालेलं बरं. पहिलाच दिवस आहे." आणि मला, "सामान संध्याकाळच्या गाडीनं पाठव. हत्यारांची पेटी नीट बांधून. ती मला लगेच लागेल."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"मोठ्या बाईंना काय सांगू?"

ते चिंधीला हात पुसत राहिले. एकेक बोट पुसले. "जूनचं जूनमध्ये बघू की."

"जूनमध्ये त्यांना उशीर होतो. मला आत्ता सांगा. काय असेल ते सांगा."

"वच्छला, इंजिन तापतंय."

इंजिन बंद होते. वैमानिक अजून गॉगल पुसत होता.

मी बाजूला झाले. ते पिशव्यांमध्ये जागा करून बसले आणि झडप ओढून घेतली. येडूने मेंढरे हाकलली. विमान माळाच्या या टोकाला गेले, वळले, आणि वाऱ्याच्या तोंडावर धावू लागले. बराच वेळ चाके जमिनीवरच होती. मग सुटली. बाभळींच्या ते जेमतेम हातभर वरून गेले. येडू ओरडला, बायकांनी डोळे झाकले. माझे उघडे होते. एकशे दोन बरोबर होते. मग ते वळून पूर्वेला गेले. आवाज ऐकू येईनासा झाल्यावरही काही वेळ ठिपका दिसत होता.

मायाक्का टांग्यातून उतरली तेव्हा लोक पांगत होते. तिच्या हातात पितळी डबा होता, वर फडके बांधलेला.

"अळिया कुठाय?"

"गेले."

"जेवून?"

"नाही."

तिने गवतात ठेवलेली पेटी पाहिली, वळकटी पाहिली. "आन हे?"

"त्यांचं सामान."

"लोकं माणूस ठेवून घेत्यात, सामान पाठवून देत्यात," ती म्हणाली. मग ती डब्याचे फडके सोडू लागली. डब्यात तिने केलेली होळगी होती, म्हणजे पुरणपोळी, चार माणसांना पुरेल एवढी. आम्ही दोघी, येडू, फुलाबाई आणि श्रीमंत पालाच्या सावलीत बसून जेवलो. फुलाबाईने गुळाचा तो खडा फोडला आणि सगळ्यांत मोठा तुकडा मला दिला. मी तो खाल्ला. चांगला गूळ होता.

संध्याकाळी मी सामान घेऊन स्टेशनवर गेले. पार्सलच्या खिडकीत शरणप्पा नावाचे वयस्क कारकून होते. त्यांच्या मुलीला मी शिकवत असे.

"बाई, तुम्ही? कुठं निघालात?"

"हैदराबाद. सामान."

"तुम्ही जाणार असाल तर पार्सल कशाला करता? तिकिटावर जातं की एवढं. गाडीला अवकाश आहे." त्यांनी तिकिटाच्या खिडकीकडे हात केला. तिथे दोनच माणसे उभी होती.

मी त्या खिडकीकडे पाहिले. सकाळी मी हैदराबादला पोचले असते. नवा पत्ता त्यांनी कार्डावर दिला होता. दार उघडले असते, आणि मला पाहून त्यांनी आधी विचारले असते, हत्यारांची पेटी आली का. मग मी आत गेले असते. मग पाणी, मग चहा. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिले असते. हे सगळे मला इतके स्पष्ट दिसले, की तिथे जाऊन आल्यासारखी मी दमले.

"नाही," मी म्हणाले. "नुसतं सामान."

शरणप्पांनी पावतीचे पुस्तक ओढले. "कुणाच्या नावानं?"

माझ्या मागे माणसे होती. नेहमीप्रमाणे कागद मागून घेऊन नाव लिहून देता आले असते. नवऱ्याचे नाव बायकांनी घ्यायचे नसते, हे शरणप्पांनाही माहीत होते. ते टाक पुढे करतच होते.

"जोतीराम रावजी मोकाशी," मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिले, मग खाली बघून लिहिले. "पाठवणार?"

"वच्छला मोकाशी."

"पत्ता घरचा घालू?"

"शाळेचा घाला," मी म्हणाले. "मुलींची शाळा, सोलापूर."

"सुट्टीत काही पोच आली तर? जूननंतर आहात ना तुम्ही तिथं?"

"आहे."

त्यांनी पावती फाडून दिली. हमालाने दोन्ही पेट्या उचलल्या, वळकटी काखेला मारली आणि तो फलाटाकडे गेला. मी बाहेर येऊन टांगा केला आणि त्याला बाळीवेशीच्या आधी मोठ्या बाईंच्या घरावरून घ्यायला सांगितले.